सासूबाईंची चाल

आमच्या इमारतीतला पाण्याचा पंप दोन दिवस खोलून पडला होता आणि सव्वीस बिऱ्हाडांना बादल्या घेऊन शेजारच्या इमारतीत जावं लागलं, ते माझ्यामुळे. हे मी भर सभेत कबूल केलंय, इतिवृत्तात त्याची नोंद आहे आणि त्याखाली माझी सही आहे. तेव्हा आता लपवाछपवी करण्यात अर्थ नाही. मात्र काही लोक अजून सांगत फिरतात तसा मी पंपाला हात लावला नव्हता. मी फक्त सासूबाईंसाठी चाल बांधत होतो.

सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. त्यांना कंपवात आहे. हात थरथरतो, पण त्याचं त्यांना फारसं काही वाटत नाही. ह्या आजाराची खरी खोड निराळीच आहे. माणूस बरा चाललेला असतो आणि दाराशी आला की त्याचे पाय जमिनीला चिकटतात. डोकं म्हणतं चल, पाय म्हणतात अर्ज करा. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायचं तर दारातल्या संगमरवरी पट्टीपाशी सासूबाई थांबायच्या, त्या कधी पाच मिनिटं, कधी दहा. आपण हात धरायला गेलो की म्हणायच्या, राहू द्या, मी विचार करतेय. एकदा त्या तिथेच पडल्या. हाड मोडलं नाही, पण त्यानंतर त्यांनी खोलीबाहेर येणंच कमी केलं. जेवण आत, वर्तमानपत्र आत, आणि आम्ही दोघं बाहेर टीव्हीचा आवाज बारीक करून बसलेलो.

सासूबाई म्हणजे साधं प्रकरण नव्हे. छापखान्यात एकतीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली आहेत. जगात जे काही छापलंय ते चुकीचंच छापलंय असं धरून त्या वाचायला बसतात, आणि दुर्दैवाने बहुतेक वेळा त्यांचं खरं ठरतं. औषधाच्या खोक्यातला कागद, विजेचं बिल, दुकानाची पाटी, कशाचीही सुटका नाही. लग्नाआधी मी बायकोला लिहिलेलं एक पत्र त्यांच्या हाती लागलं होतं. ते लाल शाईत दुरुस्त होऊन माझ्याकडे परत आलं. मजकुराबद्दल त्यांचा काही आक्षेप नव्हता.

आठवड्यातून दोनदा व्यायामाच्या बाई यायच्या. त्यांनी सांगितलं की ठोक्यावर चालायला लावा. कानाला ठेका मिळाला की अडलेल्या पायांना कधीकधी दुसरीकडून वाट सापडते. त्यांनी मोबाइलवर टिकटिक वाजवणारं एक अ‍ॅप टाकून दिलं. सासूबाईंनी ते दोन दिवस ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी फोन उशीखाली सारला. हे मला हाकलतंय, म्हणाल्या, मी काही गुरं नाही.

त्या संध्याकाळी बायको ओट्याकडे तोंड करून बराच वेळ एकच पातेलं पुसत होती. म्हणून मी म्हणालो, "मी करतो आईंसाठी ठेका."

माझी पात्रता विचाराल तर शाळेच्या बँडमध्ये मी झांज वाजवायचो. नेमकं सांगायचं तर दोनदा वाजवली, आणि दुसऱ्यांदा मुख्याध्यापकांच्या भाषणात. लोक टाळ्या वाजवतात तेव्हाही तुमच्या टाळ्या वेगळ्या ऐकू येतात, याची बायकोने मला आठवण करून दिली. पण तिने नको म्हटलं नाही.

संगणकावर संगीत तयार करायचं एक सॉफ्टवेअर असतं, ते मी घरच्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं. उघडल्यावर पहिल्यांदा वाटलं, चुकून वीजकेंद्रात शिरलो. बटणं, खुंट्या, दिवे, पट्ट्या. पण जरा खाली गेलो आणि जीव भांड्यात पडला. तिथे रकाने होते. एका ओळीत सोळा रकाने. एकेका वाद्याची एकेक ओळ. जो रकाना भराल त्या जागी तो आवाज वाजणार, ओळ संपली की पुन्हा पहिल्यापासून. आता, मी पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात बावीस वर्षं रकाने भरतोय. संगीत म्हणजे एवढंच असतं हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी वेगळ्या ठिकाणी असतो.

दोन दिवस एकही आवाज आला नाही.

मी रकाना भरायचो, तो उजळायचा आणि लगेच विझायचा. मी स्पीकर तपासले, तारा तपासल्या, सॉफ्टवेअरच्या कंपनीला सभ्य भाषेत एक पत्रही लिहायला घेतलं. शेवटी बायको कपड्यांची घडी घालत मागून जाता जाता म्हणाली, एकदाच दाबून बघा की. तेव्हा उलगडा झाला. कार्यालयातल्या संगणकावर कुठलीही गोष्ट दोनदा दाबल्याशिवाय उघडत नाही, त्यामुळे माझं बोट जन्मजात सवय असल्यासारखं दोनदा दाबतं. पहिल्या दाबाला ठोका लागत होता, दुसऱ्याला पुसला जात होता.

ते जमल्यावर मी सगळे रकाने भरले. रिकामा रकाना म्हणजे अर्ज परत, ही आमच्या खात्याची पहिली शिकवण. बारा वाद्यांच्या बारा ओळी, प्रत्येकीत सोळा ठोके. वाजवलं तर भांड्यांच्या दुकानात गाढव शिरल्यासारखा आवाज आला. मला तो वाईट वाटला नाही. भरगच्च वाटला. फाइलला 'सासूबाई चाल १' असं नाव देऊन मी ती त्यांना ऐकवली.

त्या डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "जावईबापू, यात पाय टाकायला जागा कुठे आहे?"

मी दुखावलो. पण ओळी कमी केल्या. 'सासूबाई चाल २' झाली, मग ३, मग 'अंतिम', मग 'अंतिम सुधारित', मग 'अंतिम सुधारित खरी'. प्रत्येक चालीला त्या दारापर्यंत यायच्या, पट्टीशी थांबायच्या, आणि पाय हलायचा नाही. मग मी आवाज बंद करायचो.

आता एवढे दिवस घरातून ठोके येत असताना शेजाऱ्यांनी गप्प बसावं अशी अपेक्षाच चूक. समोरच्या दारातल्या विमावाल्यांनी सांगितलं की नुसता ठोका रुक्ष होतो, मागे पाखरांचा आवाज घाला, मन प्रसन्न होतं. मी पाखरं घातली. सासूबाई पाखरू कुठे आहे ते बघायला खिडकीकडे वळल्या आणि चालायचं राहिलं. मग वरच्या मजल्यावरचे निवृत्त कवायत मास्तर आले. त्यांच्या मते अडचण ठोक्याची नव्हती, आज्ञेची होती. त्यांनी आपल्या खणखणीत आवाजात 'डावा, उजवा, डावा, उजवा' असं ध्वनिमुद्रित करून दिलं. सासूबाई म्हणाल्या, उच्चार स्वच्छ आहेत, पण मी त्यांच्या पलटणीत नाही.

ह्या सगळ्यांत जाणकार एकच, तिसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई. त्यांनी चाल ऐकली, बराच वेळ कपाळाला हात लावून बसल्या आणि मग म्हणाल्या की ठोक्याला पाया नाही. जाडा, खालचा आवाज हवा. तो कानाला नाही, तळपायाला कळला पाहिजे. आणि ह्या लॅपटॉपच्या भोकातून तो येणं शक्य नाही. एवढं बोलून त्यांनी आपल्या क्लासातला स्पीकर मला वापरायला दिला. आकाराने तो लहानशा कपाटाएवढा होता. मी आणि विमावाल्यांनी तो जिन्यावरून खाली आणला, आणि मोकळा प्लग एकच असल्यामुळे बोळातल्या कोपऱ्यात ठेवला. भिंतीला टेकून. त्याच भिंतीतून इमारतीचा पाण्याचा मोठा पाइप जातो हे मला ठाऊक होतं. पाइपाला कान असतात हे नव्हतं.

त्यानंतर रोज सकाळी कार्यालयात जाण्यापूर्वी आणि संध्याकाळी परत आल्यावर मी जाडा ठोका लावून ठेवत असे. व्यायामाच्या बाईंनी सांगितलेला वेग, मिनिटाला बहात्तर. लावून ठेवायचो आणि दाढी करायचो, कपडे करायचो, मधेच येऊन एखादी खुंटी फिरवायचो. तळपायाला उत्तम कळत होतं.

तो आमच्या तळपायांशी थांबला नाही, हे कळायला चार दिवस लागले. तळमजल्यावर आमचे सचिव राहतात. इमारतीत त्यांना सगळे परिपत्रक म्हणतात, कारण जिन्यात भेटले तर जे तोंडी सांगता येईल तेही खाली जाऊन लिहून काढतात आणि फलकावर लावतात. त्यांच्या न्हाणीघराच्या भिंतीतून धप्प, धप्प असा आवाज येऊ लागला. फलकावर 'पंपाच्या वर्तनाबाबत' असं परिपत्रक लागलं. मी ते वाचलं आणि मान हलवली. हल्ली पंप टिकतच नाहीत, असं मी जिन्यात दोघांना मनापासून सांगितल्याचंही मला आठवतं.

प्लंबर आला. त्याने स्क्रूड्रायव्हरचं एक टोक पाइपाला लावलं, दुसरं कानाला, आणि डॉक्टरसारखे डोळे बारीक केले. दुपारी आवाज नसायचा, कारण दुपारी मी कार्यालयात. त्यावरून दुखणं सकाळ-संध्याकाळचं आहे, बेअरिंग गेलंय, असं त्याने निदान केलं आणि पंप खोलला. नळ कोरडे पडले. मीही इतरांबरोबर बादल्या वाहिल्या, चार शिव्या पंपाला दिल्या, आणि घरी येऊन दमलेल्या हातांनी ठोका चालू केला.

खाली पंप सुटा होऊन गोणपाटावर मांडलेला. स्क्रू एकीकडे, चकत्या एकीकडे. आणि पाइपातून धप्प, धप्प चालूच. ते ऐकून प्लंबरच्या चेहऱ्याचं काय झालं ते पाहणारे आजही सांगतात. तो दोन पावलं मागे सरला, म्हणाला, हे माझ्या हद्दीतलं नाही, हे मुख्य वाहिनीतून येतंय, पाणीपुरवठ्याला कळवा. आणि परिपत्रकांनी त्या दिवशीच कळवलं.

पाणीपुरवठ्याला कळवलेलं माझ्या टेबलावर येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो अर्ज उघडला. आमच्या इमारतीचा पत्ता पाहून बरं वाटलं, म्हटलं आपलं काम आपणच पुढे सरकवू. मग मजकूर वाचला. 'जलवाहिनीमध्ये सकाळी व सायंकाळी मिनिटाला बहात्तर या गतीने ठोके पडत असून, गती घड्याळ लावून तीन वेळा मोजली आहे.'

बहात्तर. मी तो आकडा पुन्हा वाचला. सव्वीस बिऱ्हाडं, बादल्या, गोणपाटावरचा पंप, आणि मी जिन्यात उभा राहून पंपाला नावं ठेवतोय, हे सगळं डोळ्यांपुढून गेलं. अर्जाच्या खाली दोन रकाने होते. 'तक्रारीचे कारण' आणि 'जबाबदार'. दोन्ही रिकामे सोडता येत नाहीत.

मी उठून साहेबांकडे गेलो. आमचे साहेब कमी बोलतात, त्यामुळे माणूस त्यांच्यापुढे जास्त बोलतो. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सासूबाई, दारातली पट्टी, टिकटिक, झांज, पाखरं, सगळं. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, अर्ज एकदा वाचला आणि विचारलं, ठोका किती मजले खाली गेला. मी म्हटलं, दोन. ते म्हणाले, म्हणजे ठोका स्पष्ट आहे. मग त्यांनी मला अर्ध्या दिवसाची रजा दिली, आणि खात्याचं पत्र इमारतीत जाण्याआधी तुम्हीच जाऊन सांगा, ते बरं, असा सल्ला दिला. बावीस वर्षांत मी त्यांना कामाशिवाय दुसरं काही सांगितलं नव्हतं, ही माझीच चूक होती असं मला परतताना वाटलं.

घरी आलो तो स्पीकरचा प्लग काढला. पंप त्याच संध्याकाळी जोडला गेला आणि अर्थातच उत्तम चालू लागला. रविवारी सभा असल्याचं परिपत्रक लागलं. मी परिपत्रकांना गाठून सांगितलं की सभेत मला काही निवेदन करायचं आहे. ते म्हणाले लेखी द्या.

मग मी लॅपटॉपपुढे बसलो आणि एकेक चाल पुसायला घेतली. बायकोने पाहिलं. शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, एक शेवटची करा, साधी, मोबाइलवर वाजेल अशी, मग पुसा. मला करायची नव्हती. पण तिने इतक्या दिवसांत मला एकही टोमणा मारला नव्हता, पातेलं पुसतानाही नाही. मी एकच ओळ घेतली, सगळी वाद्यं काढून टाकली आणि आठ ठोके भरले. मन थाऱ्यावर नव्हतं. शेवटच्या ठोक्याला बोट जुन्या सवयीने दोनदा पडलं, तो लागला आणि पुसला गेला. माझ्या लक्षात आलं नाही. मी ते मोबाइलवर घेतलं आणि लावून टेबलावर ठेवून दिलं.

सासूबाई तेवढ्यात स्वयंपाकघरात पाणी प्यायला आलेल्या होत्या. परत येताना पट्टीशी अडकल्या. आम्ही दोघांनी न बघितल्यासारखं केलं, कारण त्यांना ते आवडतं. ठोके चालू होते.

"एक पडलाय," त्या म्हणाल्या.

मला वाटलं काही सांडलं. मी उठलो.

"सातच वाजतायत. आठवा पडलाय तुमचा." आणि त्यांची मान ठोक्यांबरोबर हलायला लागली. सात झाले, तिथे मोकळी जागा आली, आणि त्या जागी त्यांची टाच उचलली जाऊन खाली टेकली. "इथे." पुन्हा सात. पुन्हा टाच. "इथे हवा होता." तिसऱ्या वेळी टाच टेकली ती पट्टीच्या ह्या बाजूला. दुसरा पाय तिच्यामागे आला. मग त्या चालत आल्या, सोफ्यापर्यंत, मधे न थांबता, मी आठवा ठोका कुठे टाकला याचा जाब विचारायला आल्यासारख्या.

बसल्या. मग मागे वळून दाराकडे बघितलं, आणि आपण कुठे आलोय ते त्यांना कळलं. बायकोने माझा दंड धरला होता, तो नंतर दोन दिवस दुखत होता. मी घाईघाईने लॅपटॉप ओढला आणि म्हटलं, आई, लगेच दुरुस्त करतो.

"नको," त्या म्हणाल्या. "असू द्या. आम्ही समासात लिहायचो तसं. चूक दिसली तरी काही ठिकाणी लिहायचं, असू द्या."

त्या दिवशी त्या तीनदा बाहेर आल्या. चौथ्यांदा जमलं नाही. व्यायामाच्या बाईंना दुसऱ्या दिवशी दाखवलं तर त्या जमिनीवर बसून चाल पुन्हा पुन्हा ऐकत राहिल्या. त्यांचं म्हणणं असं की भरलेल्या ठेक्यात माणूस नुसता ऐकतो, पण जागा सुटली की ती भरायला आतून काहीतरी उठतं. सगळ्यांचंच उठेल असं नाही, ह्यांचं उठलं. ही कल्पना तुम्हाला सुचली कशी, असं त्यांनी मला विचारलं. मी नम्रपणे हसलो. बायको माझ्याकडे बघत होती, म्हणून मग खरं सांगितलं.

रविवार आला. सभा तळमजल्यावरच्या खोलीत. टेबलामागे परिपत्रक, समोर खुर्च्यांवर सगळी इमारत, कडेला प्लंबरलाही बोलावलेलं. मी उभा राहिलो आणि निवेदन वाचून दाखवलं. ते दीड पान होतं. पहिल्या पानाच्या शेवटी 'स्पीकर' हा शब्द आला तेव्हा खोली शांत झाली आणि दुसऱ्या पानावर 'बहात्तर' आलं तेव्हा सगळे एकदम बोलायला लागले. कुणी म्हणालं दोन दिवस आमच्या घरी पाहुणे होते. कुणी म्हणालं इमारतीत वाद्यांवर बंदी घाला, त्यावर गाण्याच्या बाई उठून उभ्या राहिल्या. विमावाल्यांनी आपण फक्त पाखरं सुचवली होती हे नोंदवून घ्यायला लावलं. सर्वांत जास्त दुखावला होता प्लंबर. तो म्हणाला, लोक मला हसतात, पण ठोका होता की नाही, मी खोटं बोललो का. मी म्हटलं, नाही, ठोका होता, तुमचा कान बरोबर होता. हे मी त्याला मनापासून म्हटलं. माझी चाल एवढ्या लक्षपूर्वक त्याच्याशिवाय कुणीच ऐकली नव्हती.

माझ्याविरुद्ध ठराव मांडायला परिपत्रकांनी पेन उघडलं तेवढ्यात दारात बायको दिसली, आणि तिच्या पुढे सासूबाई. लिफ्टने खाली आल्या होत्या. इमारतीतल्या निम्म्या लोकांनी त्यांना वर्षभरात पाहिलेलंच नव्हतं. त्या दारापर्यंत नीट आल्या, आणि तिथे थांबल्या.

सगळे बघत होते. कुणीतरी उठून आधार द्यायला निघालं, बायकोने हाताने थांबवलं. मी खिसे चाचपले. मोबाइल वर घरी चार्जिंगला होता. सासूबाईंनी नजर जमिनीला लावली होती, आणि त्यांच्या कानाची पाळी लाल झाली होती. इतक्या लोकांपुढे असं उभं राहायला लागू नये म्हणून तर त्या वर्षभर खोलीत बसल्या होत्या.

मी टेबलावर तळहाताने ठोके द्यायला सुरुवात केली. सात, आणि जागा. माझ्या हाताला लय नाही, हे मी आधी सांगितलं आहे. तिसरा ठोका लवकर पडायचा, सहावा उशिरा. गाण्याच्या बाईंना ते सहन झालं नाही. त्या पुढे आल्या आणि माझ्या शेजारी टेबलावर वाजवायला लागल्या. मग कवायत मास्तरांचा बूट. मग प्लंबरने खुर्चीच्या पायावर पाना वाजवला, अगदी अचूक. हळूहळू खोलीतले सगळे हात आले. सात, आणि जागा. फक्त परिपत्रक दर वेळी आठवाही ठोकत होते. रिकामी जागा त्यांनाही बघवत नाही, आमची जातकुळी एकच.

सासूबाईंनी मान वर केली.

"सचिव," त्या म्हणाल्या, "तुमचा एक जास्त होतोय. तो माझा आहे."

परिपत्रकांनी हात मांडीखाली घेतला. खोलीने पुन्हा सात दिले आणि थांबली. सव्वीस बिऱ्हाडं एका जागी श्वास धरून थांबली. त्या जागेत सासूबाईंनी पाऊल टाकलं.

आत आल्या, टेबलाला धरून उभ्या राहिल्या. प्लंबरने स्वतःची खुर्ची दिली, ती त्यांनी लगेच घेतली नाही. म्हणाल्या, पाण्यावाचून तुमचे हाल झाले ते माझ्या पायांपायी, तेव्हा माफी मी मागायची, जावयाने नाही. तेवढं सांगायला आले. मग बसल्या. मला डोळे पुसायचे होते, पण पुसायला हातात फक्त निवेदन होतं, त्याचं दुसरं पान मी वापरलं. इतिवृत्ताला ते जोडायचं होतं, त्यामुळे पुन्हा लिहून द्यावं लागलं.

ठराव झाला तो असा की संध्याकाळी पाच ते सहा ठोका वाजवायला हरकत नाही, स्पीकर भिंतीपासून हातभर दूर असावा. खात्याच्या अर्जावर मी 'कारण' ह्या रकान्यात 'घरगुती' असं लिहिलं, 'जबाबदार' मध्ये माझं नाव लिहिलं, आणि साहेबांनी काही न विचारता त्यावर सही केली.

आजार बरा होणारा नाही. डॉक्टरांनी ते सुरुवातीलाच सांगितलं होतं, आणि आम्हीही ते विसरत नाही. काही दिवस असे येतात की कुठलीच चाल लागू पडत नाही, आणि सासूबाई पुन्हा खोलीतच जेवतात. शिवाय त्यांचा पाय हुशार आहे. दोन-तीन आठवड्यांत पडलेली जागा त्याच्या ओळखीची होते, मग मला दुसरीकडे जागा सोडावी लागते. कधी पाचवी, कधी दुसरी, एकदा लागोपाठ दोन. गाण्याच्या बाई चाल तपासून देतात. प्लंबर जाता-येता दार वाजवून विचारतो, आज्जींचं कसं काय. व्यायामाच्या बाईंनी आणखी तिघांना माझ्या चाली नेऊन दिल्या. त्यातल्या एकाला उपयोग झाला, दोघांना नाही. तो एक माणूस कोण, मला माहीत नाही. पण तो कुठल्यातरी दारातून पलीकडे जातो, हे मला कार्यालयात बसल्या बसल्या अधूनमधून आठवतं, आणि मग समोरच्या तक्रारदाराशी मी जरा बरा बोलतो.

गेल्या महिन्यातली गोष्ट. कार्यालयातून परत येताना आमच्या कोपऱ्यावर बसमधून उतरलो. गर्दी पांगली, तर थांब्याच्या बाकाशेजारी सासूबाई उभ्या. हातात काठी, कानात ते बारीक इअरफोन, पायात बाहेरच्या चपला. फाटकापासून थांब्यापर्यंत दोनशे पावलं असतील, आणि घरच्या पायपुसण्यापासून गटाराच्या झाकणापर्यंत अडायच्या सात-आठ जागा. मागे दूर फाटकाशी बायको उभी होती, आपण इथे नाहीच असं दाखवत.

मी जवळ जाऊन विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना, औषध संपलं का, काही हवं होतं का.

त्यांनी इअरफोन काढले, नीट गुंडाळून पर्समध्ये ठेवले, आणि काठी दुसऱ्या हातात घेऊन माझा दंड धरला.

"काही नाही हो," त्या म्हणाल्या. "येता आलं, म्हणून आले."